विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऑक्टेव्हमध्ये: लहर आणि वर्णपट

वर्णपट म्हणजे आवाजात कोणत्या वारंवारतेचा किती वाटा आहे त्याचा आलेख. ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तो काढायला शिकायचं तर मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेल्या) पंपाची घरघर फार कामाची, कारण उत्तर मोटारीच्या पाटीवरच असतं. दोन पोलच्या मोटारीवर मिनिटाला साधारण २८८० फेरे लिहिलेले असतात, म्हणजे सेकंदाला ४८. लाइन ५० हर्ट्झची. चुंबकाची ओढ दर चक्रात दोनदा, म्हणून गुणगुण १०० वर. फोनचा माइक १०० च्या खाली कच्चा असतो. वर्णपटात ४८ चं टोक (उंच सुळका) दिसलं नाही तर त्याची दुप्पट, ९६, शोधा. लोडप्रमाणे फेरे थोडे बदलतात, तेव्हा हे टोक जरा इकडेतिकडे असेल.

रात्री लाइन आल्यावर पंपापासून दोन-तीन हातांवर फोन ठेवून १० सेकंद रेकॉर्ड करा. फार जवळ ठेवला तर लहरीचे शेंडे सपाट कापले जातात आणि वर्णपटात नसलेली टोकं उगवतात. फाइल वेव्हच हवी. एमफोरए ऑक्टेव्ह वाचत नाही.

पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं. 'ऑडिओरीड' नमुने (क्षणोक्षणी मोजलेली लहरीची उंची) आणि नमुनादर (सेकंदाला किती नमुने), दोन्ही देतं. स्टिरिओ असेल तर पहिला स्तंभ घ्या, सरासरी वजा करा. वेळ म्हणजे शून्यापासूनचा नमुना-क्रमांक भागिले नमुनादर. 'प्लॉट'मध्ये सगळे १० सेकंद काढले तर नुसता काळा पट्टा दिसेल, 'एक्सलिम'ने ०.१ सेकंदच बघा.

आता 'हॅनिंग' खिडकीने, म्हणजे मधे मोठ्या आणि दोन्ही कडांना शून्याकडे उतरणाऱ्या आकड्यांनी, नमुने गुणा. इथे टिंब-गुणिलेच (प्रत्येक नमुना त्याच्याच जोडीच्या आकड्याने) हवं, आणि खिडकी उभीच, म्हणजे स्तंभच राहू द्या. आडवी केली की ४४१०० च्या दराने ४,४१,००० गुणिले ४,४१,००० चा तक्ता मागितला जातो आणि मेमरी संपल्याचा निरोप येतो. मग 'एफएफटी' (नमुन्यांतून वारंवारता सुट्या करणारी आज्ञा), त्याचं 'एबीएस' (नुसती उंची), दुप्पट करून खिडकीच्या बेरजेने भागा. नमुन्यांच्या संख्येने भागलं तर टोकं निम्मी दिसतात. पहिला अर्धा भाग ठेवा, बाकी त्याचाच आरसा. आडवा अक्ष: क्रमांक गुणिले नमुनादर भागिले एकूण नमुने.

खरी गोम रेकॉर्डिंगच्या लांबीत आहे. दोन शेजारच्या बिंदूंमधलं अंतर म्हणजे १ भागिले सेकंद. १० सेकंदांत ०.१ हर्ट्झ, तेव्हा ९६ आणि १०० सुटे दिसतात. अर्ध्या सेकंदात २ हर्ट्झ, आणि खिडकी टोक आणखी रुंद करते. दोन्ही मिळून एकच ढेकूळ. नमुन्यांच्या शेवटी शून्यं जोडून वक्र गुळगुळीत होतो, टोकं सुटत नाहीत.

ऑक्टेव्ह १ पासून मोजतं, पण अक्ष ० पासून हवा. हे चुकलं तर १० सेकंदांच्या फाइलमध्ये ०.१ चाच फरक, कळतही नाही; अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यात मात्र ९६ चं ९८ होतं. म्हणून आधी ९६ आणि १०० च्या, ०.५ उंचीच्या दोन साइन लहरी स्वतः बनवून त्यावर आज्ञा चालवा. टोकं त्याच जागी आणि जवळपास ०.५ उंच आली पाहिजेत.

काही हजार हर्ट्झवर फुगवटा दिसला तर धुऱ्यावरचे रातकिडे असतील, बेअरिंगवर लगेच आळ नको. आणि फाइल हलकी करायला दर शंभरावा नमुना उचलू नका: नमुनादर ४४१ वर येतो आणि ४०० हर्ट्झचा आवाज ४१ वर दिसायला लागतो. आधी वरच्या वारंवारता कापणारी गाळणी लावा, नाहीतर सगळी फाइल वापरून 'एक्सलिम' ० ते २०० ठेवा.