चालत्या अँब्युलन्समधली ई-फास्ट सोनोग्राफी

ई-फास्ट म्हणजे जखमी माणसाच्या पोटात किंवा हृदयाभोवती रक्त, छातीत हवा साठली आहे का, हे बघायची झटपट सोनोग्राफी. पहिला नियम: त्यासाठी गाडी थांबवायची नाही. वाहतं रक्त, श्वासमार्ग, ऑक्सिजन आधी, प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) वाटेत. दोन-तीन मिनिटांत चित्र मिळालं नाही तर नाद सोडा. (आणि पोर्टेबल मशीन गाडीत चढवण्याआधी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याची) नोंदणी हवीच, इमर्जन्सी आहे म्हणून त्यातून सुटका नाही.)

पोटासाठी वक्र प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झ, खोली १५ सेंमीच्या आसपास, प्रोबवरची खूण (मार्कर) डोक्याकडे. जेल सढळ हाताने. सुरुवात उजवीकडून: काखेच्या मधल्या रेषेत, आठव्या ते अकराव्या बरगडीच्या दरम्यान. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी पट्टी दिसली तर जखमी माणसात ते रक्तच धरा. बरगडीची सावली आडवी आली तर प्रोब किंचित तिरका करा. मग खाली सरकून यकृताचं खालचं टोक नक्की बघा, थोडं रक्त बरेचदा आधी तिथेच दिसतं. गोठलेलं रक्त काळं नसतं, राखाडी दिसतं. त्यात फसायला होतं.

डावीकडे हात आणखी वर आणि मागे, बोटांची पेरं स्ट्रेचरला टेकेपर्यंत. प्लीहा आणि श्वासपटल यांच्यामधली जागा बघा. नुसतं मूत्रपिंडाशी बघून परत फिरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

हृदयासाठी छातीच्या हाडाच्या टोकाखाली प्रोब जवळजवळ आडवा, रोख डाव्या खांद्याकडे. पोट दुखऱ्या माणसाला तिथला दाब सोसत नाही. मग छातीच्या हाडाला लागून डावीकडून बघा. ओटीपोट कॅथेटर घालण्याआधी बघा, भरलेलं मूत्राशय हीच तिथली खिडकी.

फुफ्फुसाला सरळ प्रोब, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीमध्ये, खोली ४ ते ६ सेंमी. बरगड्यांच्या सावल्यांमधली चमकती रेषा श्वासाबरोबर सरकायला हवी. सरकत नसेल तर न्यूमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याचा) संशय. पण श्वासासाठी घातलेली ट्यूब उजव्या श्वासनलिकेत उतरली असली तरी डावी बाजू स्थिरच दिसते, म्हणून ट्यूब किती आत गेली आहे ती तिच्यावरची खूण आधी तपासा. खड्ड्यांच्या रस्त्यावर एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी पद्धत) बेभरवशाचा. टेन्शन न्यूमोथोरॅक्सची (साठलेल्या हवेचा दाब जीवघेणा झाल्याची) लक्षणं उघड असतील तर आधी हवा काढायची सुई, प्रोब नंतर.

निगेटिव्ह स्कॅनवर विसंबू नका. २०० मिलीपेक्षा कमी रक्त सहसा दिसत नाही, पोटाच्या मागच्या भागातलं तर जवळपास नाहीच. बीपी घसरत असेल तर प्रोब पुन्हा लावा. ट्रॉमा सेंटरला फोनवर एवढंच सांगा: वेळ, कुठल्या बाजूला पाणी (म्हणजे साठलेलं रक्त), बीपी. ‘१०:४०, उजवीकडे पाणी, ८०/५०.’