आईच कोच असेल तर या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारी चूक आधी. कोणी ‘स्वतःच्याच पोरीला खेळवते’ म्हणू नये म्हणून आई मुलीला मागे ठेवते. असाच एक ९ मुलांचा फुटबॉल संघ. सात-सातचा सामना, २० मिनिटांचे दोन भाग. पहिल्या सामन्यात कोचची मुलगी शेवटची १० मिनिटं खेळली, दुसऱ्यात ६. बाकीचे पालक खूश. तिसऱ्या सामन्याच्या सकाळी मुलीचं पोट दुखू लागलं, चौथ्याला पायात गोळा आला. डॉक्टरांना काहीच सापडेना, कारण दुखणं बाकावर बसण्याचं होतं. त्यात सामनाच मिळत नसल्यामुळे सरावात शिकलेलं पक्कं होईना. ती खरोखरच मागे पडली आणि तिला न खेळवणं सगळ्यांना योग्य वाटू लागलं.

यावर उपाय कागद-पेन्सिलचा. आदल्या रात्रीच वेळा लिहून काढा. गोलकीपर एकच ठेवला तर मैदानात जागा ६ आणि मुलं ८. सामन्याचे १०-१० मिनिटांचे ४ तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात दोघं बाहेर. म्हणजे प्रत्येक मूल एकदाच बसतं आणि ३० मिनिटं खेळतं, तुमचंही. कागद सामन्याआधी पालकांना दाखवा आणि घड्याळ बघूनच बदल करा, स्कोअर बघून नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या सामन्यात एवढंही जमत नसेल, तर कोचिंगची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सरावातही तेच. प्रात्यक्षिकाला दर वेळी स्वतःच्याच मुलाला पुढे बोलावू नका, आणि चूक दाखवायलाही तोच नको.

दुसरी चूक घरी परततानाची. मूल दमलेलं, बाजूला आई, उठून जायची सोय नाही, आणि सुरुवात होते: ‘तो पास का नाही दिलास?’ हा प्रश्न कोचचा असतो, पण मुलाला तो आईचा ऐकू येतो. इथे शिट्टी कामाला येते. गळ्यात आहे तोवर तुम्ही कोच; पिशवीत टाकली की पुढच्या सरावापर्यंत खेळावर एक अक्षर नाही. राहवत नसेल तर वहीत दोन ओळी लिहा आणि पुढच्या सरावात सगळ्या गटाला मिळून सांगा. मुलानं आपणहून विषय काढला, तर विचारलं तेवढंच उत्तर द्या. पहिले दोन आठवडे जीभ चावावी लागते. तिसऱ्या आठवड्यात ‘एकदाच सांगते’ म्हणून सुरू केलंत, की पहिल्यापासून मोजा.

‘मैदानावर आई म्हणायचं नाही’ हा नियम लहान मुलांना लावू नका. हाक कुठलीही असो, उत्तर सगळ्यांना एकाच आवाजात द्या.

घरच्या अंगणातला सराव मोजायला आया हमखास विसरतात. मुलाचं वय जितकं, त्याहून जास्त तास आठवड्याला एका खेळाचा सराव नको. ९ वर्षांच्या मुलाला ९ तास, घरचे धरून. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी.

‘मोठा झाल्यावर उपयोगी पडेल’ म्हणून ५ नंबरचा चेंडू घेऊ नका. ८ वर्षांखाली ३ नंबर, ८ ते १२ ला ४ नंबर. जड चेंडूला पाय घाबरला की मूल बुटाच्या टोकानं मारायला लागतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखत असेल तर पट्टी बांधून खेळवू नका. लंगडत असेल तर सराव तिथंच बंद, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटची चूक, हात न सोडण्याची. अमेरिकेचा नामवंत टेनिसपटू जिमी कॉनर्स याला टेनिस त्याच्या आईनं, ग्लोरियानं शिकवलं. पण तो १६ वर्षांचा झाल्यावर तिनंच त्याला पांचो सेगुरा या दुसऱ्या कोचकडे नेलं. तुमची सूचना मूल तीनदा टाळतं आणि तीच दुसऱ्यानं दिली की लगेच करतं, असं दिसू लागलं की वेळ आली समजा. सुरुवातीला शेजारच्या गटाच्या कोचशी आठवड्यातला एक सराव अदलाबदल करा. तुमचं मूल तिच्याकडे, तिचं तुमच्याकडे. त्या दिवशी मैदानाच्या कडेलाही उभं राहू नका.