फाइल उघडली, पण डेटा आला का?

डेटा एका डेस्कटॉप डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवायच्या कामाला नवीन लागलेला माणूस आधी विचारतो, "ही फाइल कशात उघडते?" त्याचं उत्तर शोधलं की मिळतं. डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. फाइल बिनतक्रार उघडते, रेकॉर्ड दिसतात, आणि त्यातली काही गुपचूप बदललेली असतात. एरर आली तर उलट बरं. न सांगता झालेली मोडतोड काही महिन्यांनी कुणी रिपोर्ट काढल्यावर कळते, आणि तोवर मूळ मशीन भंगारात गेलेलं असतं.

म्हणून पहिलं काम: एकटी फाइल उचलायची नाही, अख्खा फोल्डर उचलायचा आणि ती प्रत रीड-ओन्ली करून ठेवायची. डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये टेबल डीबीएफ फाइलमध्ये असतं, पण लांब मजकूर (मेमो) तिच्यात नसतातच, ते शेजारच्या डीबीटी फाइलमध्ये असतात. फॉक्सप्रोमध्ये ते एफपीटीमध्ये, पॅराडॉक्समध्ये एमबीमध्ये. ही जोडीदार फाइल मागे राहिली तर काही प्रोग्राम टेबल उघडायला नकार देतात आणि काही नुसता शेरा-कॉलम रिकामा दाखवतात. दुसरा प्रकार जास्त वाईट. रेकॉर्ड पटकन शोधायला लागणारी इंडेक्स फाइल हरवली तर फारसं बिघडत नाही, ती पुन्हा बनवता येते. व्हिज्युअल फॉक्सप्रोचं टेबल मात्र डीबीसी या डेटाबेस फाइलशी बांधलेलं असू शकतं, आणि दहा अक्षरांपेक्षा लांब फील्डनावं त्या डीबीसीत असतात. ती नसेल तर 'ग्राहकाचा पत्ता एक' आणि 'ग्राहकाचा पत्ता दोन' अशी नावं कापली जाऊन कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही.

डीबीएफवर थोडा वेळ घालवा. हा फॉरमॅट मेलेला नाही: नकाशांच्या शेपफाइलमध्ये माहितीचं टेबल आजही डीबीएफच असतं. शिवाय तो इतका साधा आहे की हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट सोळाच्या पायातल्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून डोळ्यांनी वाचता येतो. पहिला बाइट जात सांगतो: ०३ म्हणजे मेमो नसलेली साधी फाइल, ८३ म्हणजे डीबेस थ्रीचा मेमो आहे, एफ५ म्हणजे फॉक्सप्रोचा मेमो, ३० म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो. शून्यापासून मोजलं तर ४ ते ७ या चार बाइटांत रेकॉर्डसंख्या असते, आणि ती उलटी वाचायची. तिथे डी२ ०४ ०० ०० दिसलं तर तो आकडा ०४डी२, म्हणजे १२३४ रेकॉर्ड. त्यापुढच्या दोन बाइटांत हेडरची, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहिती-भागाची, लांबी आणि त्यानंतरच्या दोनांत एका रेकॉर्डची.

आता गणित करा. हेडर म्हणजे ३२ बाइट, अधिक प्रत्येक फील्डला ३२, अधिक शेवटचा १. बारा फील्ड असतील तर ४१७. रेकॉर्ड १५० बाइटांचं असेल तर १२३४ गुणिले १५० म्हणजे १,८५,१००. एकूण १,८५,५१७, आणि शेवटी फाइल संपल्याची खूण असेल तर आणखी एक. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या हेडरमध्ये डीबीसीच्या दुव्यासाठी २६३ बाइट जास्तीचे असतात, ते धरायला विसरू नका. फाइल याहून लहान निघाली तर ती अर्धवट कॉपी झाली आहे, पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक रेकॉर्डचा पहिला बाइट एकतर स्पेस असतो किंवा तारांकन. तारांकन म्हणजे रेकॉर्ड डिलीट केलेलं, पण पॅक कमांड दिली जाईपर्यंत ते फाइलमध्येच पडून असतं आणि हेडरमधल्या संख्येत मोजलंही जातं. काही इम्पोर्ट साधनं ही खूण बघतच नाहीत आणि पुसलेले ग्राहक नव्या यादीत जिवंत होऊन येतात. त्यामुळे दोन्ही संख्या वेगळ्या लिहून ठेवा: एकूण आणि त्यातली डिलीट. मूळ फाइलवर पॅक कधीच चालवू नका, पुसलेलं रेकॉर्ड हवं होतं असं सांगणारं कुणीतरी नंतर हमखास भेटतं.

अक्षरांचा घोळ वेगळाच. डीबीएफच्या (पुन्हा शून्यापासून मोजून) २९ व्या बाइटात कोड पेज, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर ते ठरवणारा तक्ता, लिहिलेलं असतं: ०१ म्हणजे ४३७, ०२ म्हणजे ८५०, ०३ म्हणजे विंडोजचं १२५२. तिथे शून्य असेल तर प्रोग्राम अंदाज करतो. देवनागरीत दोन शक्यता तपासा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर साठवलेली अक्षरं रोमन आणि चिन्हं असतात, देवनागरी फक्त फॉन्टच्या रूपात दिसते. त्याला त्या विशिष्ट फॉन्टचाच कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्ट केल्यावर ऱ्हस्व इकार आणि रफार योग्य जागी आले का ते बघावं लागतं. मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि तो डीबीएफमध्ये न्यायचा असेल तर जागा पुरत नाही. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'ग्राहक' या शब्दात हलन्त आणि काना धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. तीस रुंदीच्या नावाच्या फील्डमध्ये 'ग्राहक' दोनदा लिहिता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस डेटाबेसमध्ये साध्या टेक्स्ट फील्डची २५५ ची मर्यादा अक्षरांची आहे, बाइटांची नाही, त्यामुळे तिकडे हा त्रास होत नाही.

दोन प्रोग्राम एकमेकांना अजिबात ओळखत नसतील तर बहुतेक जण सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी फील्ड वेगळी केलेली साधी मजकूर-फाइल, काढतात. ठीक आहे, पण सीएसव्हीमध्ये फील्डचा प्रकार लिहिलेला नसतो, आणि रिकामा मजकूर व नल (किंमत भरलेलीच नाही) यातला फरकही टिकत नाही. सगळ्यात जास्त नुकसान होतं ती फाइल सहज बघायला म्हणून एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून सेव्ह केल्यावर. ००४७ चं ४७ होतं. पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे पुढचे अंक शून्य होतात, आणि ते परत मिळत नाहीत. बघायचंच असेल तर टेक्स्ट एडिटरमध्ये बघा.

ॲक्सेसमध्ये आणताना विझार्डमधल्या ॲडव्हान्स्ड बटणात जाऊन प्रत्येक कॉलमचा प्रकार हाताने ठरवा आणि तो स्पेसिफिकेशन म्हणून सेव्ह करा. ज्या क्रमांकांची बेरीज कधी करणार नाही, ते सगळे टेक्स्ट: कोड, फोन, खाते क्रमांक. अंदाजावर सोडलं तर तो सुरुवातीच्या ओळी बघून ठरतो. एक्सेल शीट जुन्या ड्रायव्हरने (दुसऱ्या प्रोग्रामची फाइल वाचून देणाऱ्या जोड-प्रोग्रामने) वाचताना ही संख्या डीफॉल्टने फक्त आठ असते. आठ ओळींत आकडे आणि नवव्या ओळीत 'ए-१२' असेल, तर नववी ओळ नल होऊन येते. इम्पोर्ट संपल्यावर फाइलच्या नावापुढे इम्पोर्टएरर्स असं टेबल तयार झालं असेल तर ते न वाचता पुसू नका.

फाइलमेकर या डेटाबेसमधून काढलेल्या सीएसव्हीत फील्डमधल्या नव्या ओळीच्या जागी व्हर्टिकल टॅब, म्हणजे ११ क्रमांकाचं चिन्ह येतं. ते दिसत नाही, पण पत्ते एका ओळीत चिकटलेले दिसतात. आयात करताना ते बदलून घ्या.

तारखा शक्यतो वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच काढा. ०३/०४/२०१९ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च हे फाइल सांगत नाही, आणि चुकीच्या सेटिंगने बारापर्यंतचे दिवस उलटतात, तेरापासूनचे टेक्स्ट म्हणून पडून राहतात. तारखेचा नुसता आकडा आला तरी घाबरू नका. ॲक्सेसचा शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ हा आहे, त्यामुळे ३ एप्रिल २०१९ म्हणजे ४३५५८. एक्सेल अस्तित्वात नसलेला २९ फेब्रुवारी १९०० मोजतं, पण १ मार्च १९०० पासून दोघांचे आकडे जुळतात. फाइलमेकर इसवी सन १ पासून मोजतं, तिथे हीच तारीख ७३७१५२. फरक कायम ६९३५९४ चा. दोन अंकी वर्षं मात्र खरी घातक: सीमा अनेकदा २०२९ ला असते, त्यामुळे १९२५ चा जन्म २०२५ चा होतो. जन्मतारखा भविष्यातल्या किंवा न पटण्याइतक्या अलीकडच्या आहेत का, ते एका क्वेरीने बघा.

हो-नाहीचं फील्ड ॲक्सेसमध्ये -१ आणि ० असं साठवलं जातं. ते एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये तसंच गेलं आणि तिथली क्वेरी १ शोधत असेल तर एकही रेकॉर्ड सापडत नाही. एसक्यूलाइट आकड्यांच्या कॉलममध्ये मजकूरही मुकाट घेतं, हेही लक्षात असू द्या.

आवृत्त्यांची शिडी चुकवता येत नाही. ॲक्सेस ९७ ची एमडीबी फाइल ॲक्सेस २०१३ किंवा त्यापुढचं उघडत नाही, ती आधी २०१० किंवा त्याआधीच्या आवृत्तीत बदलावी लागते. फाइलमेकरची एफपी५ फाइल ७ ते ११ पैकी एखाद्या आवृत्तीतून एफपी७ करा, मग १२ च्या पुढच्या आवृत्तीत न्या. ड्रायव्हर दिसत नसेल तर आधी बिट तपासा: व्हिज्युअल फॉक्सप्रोचे ड्रायव्हर फक्त ३२ बिटचे आहेत, ६४ बिट ऑफिसला ते दिसणारच नाहीत. आणि विंडोजची गंमत अशी की ड्रायव्हरांची यादी दाखवणारं ३२ बिटचं ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये असतं, ६४ बिटचं सिस्टम३२ मध्ये.

टेबलं भरताना आधी ग्राहक, मग बिलं, मग बिलातल्या ओळी. जुने क्रमांक ॲपेंड क्वेरीने तसेच आणा, ऑटोनंबरला नवीन देऊ नका, नाहीतर बिलं भलत्याच ग्राहकाला चिकटतात. रकमेचं फील्ड 'डबल' (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवू नका, करन्सी किंवा डेसिमल घ्या.

पडताळणी दोन्ही बाजूंना एकाच क्वेरीने करा. प्रत्येक टेबलाची रेकॉर्डसंख्या, प्रत्येक रकमेची बेरीज शेवटच्या दशांशापर्यंत, प्रत्येक तारखेची सर्वांत जुनी आणि नवी किंमत, प्रत्येक टेक्स्ट कॉलमची कमाल लांबी आणि रिकाम्यांची संख्या. कमाल लांबी नेमकी २५४ किंवा २५५ आली तर मजकूर कापला गेल्याचा संशय घ्यायचा. मग सर्वांत लांब शेरा असलेलं रेकॉर्ड आणि पुरवठादाराच्या नावात स्वल्पविराम असलेलं रेकॉर्ड उघडून जुन्या स्क्रीनशी ताडून बघा.

शिकताना खऱ्या डेटावर हात साफ करू नका. वीस रेकॉर्डांचं एक खोडकर टेबल बनवा: सुरुवातीला शून्य असलेला कोड, अठरा अंकी क्रमांक, अवतरणचिन्ह आणि नवी ओळ असलेला पत्ता, २९ फेब्रुवारी २०००, १८९५ ची तारीख, ऋण रक्कम, नल, रिकामा मजकूर, जोडाक्षरांचं लांब नाव, एक डिलीट केलेलं रेकॉर्ड. ते प्रत्येक मार्गाने नेऊन परत आणा आणि काय बदललं त्याचा तक्ता करून ठेवा. पुढच्या प्रत्येक कामात मार्ग निवडताना तोच तक्ता उघडायचा.