नवी स्पोर्ट्‌स कार, सिग्नलला थरथर: माझा अनुभव

गाडी नवी कोरी, सहा सिलिंडरची, टर्बो. पण गोव्यातल्या पर्वरीच्या ट्रॅफिकात उभी राहिली की आरपीएमचा काटा 700 च्या आसपास नाचायचा आणि स्टिअरिंग थरथरायचं. सकाळी थंड इंजिन 1000 च्या वर फिरतं ते धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला, त्यात बिघाड नसतो. माझी थरथर मात्र इंजिन गरम झाल्यावरची. सर्व्हिस सेंटरने ‘अशा गाड्यांचा स्वभावच असतो’ म्हणून बोळवण केली. एवढे पैसे मोजून असला स्वभाव कोण ऐकून घेईल?

म्हापशाच्या ओळखीच्या मेस्त्रीने ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली रीडिंग वाचणारं यंत्र, लावला. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनात करत असलेली वाढ-घट) आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, अधिक 20 टक्क्यांच्या घरात, 2500 आरपीएमला मात्र जवळजवळ शून्य. चोर इथंच सापडला. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरनंतर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलला इंजिन घेतंच थोडी हवा, म्हणून तेव्हा या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. म्हणजे ठिणगी देणारे प्लग-कॉइल बदलण्यात अर्थ नव्हता. स्मोक टेस्ट केली, म्हणजे हवेच्या नळ्यांत धूर सोडला, तर इनटेक मॅनिफोल्डजवळच्या (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) ब्रीदर पाइपाच्या जोडातून धूर निघाला. क्लिप नीट बसलीच नव्हती.

वॉरंटीमुळे मेस्त्रीने हात लावला नाही. रीडिंगचे फोटो दाखवल्यावर सेंटरने मुकाट क्लिप बदलली, फुकट. आता एसी चालू असतानाही काटा जागचा हलत नाही.