संस्थेत जरूर जा, पण खुर्च्या लावत बसू नका

व्यावसायिक संस्थेचं सभासदत्व घ्यावं का, असं कुणी नव्याने इंजिनियरिंगमध्ये आलेलं विचारतं तेव्हा मी उलट विचारते, घेऊन करणार काय? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ओळखी वाढतील. वाढतात, खोटं नाही. माझ्या तर इतक्या वाढल्या की संस्थेत मला नावाने हाक न मारणारा माणूस सापडणं अवघड होतं. आणि तरीही सुरुवातीची कित्येक वर्षं त्या ओळखींतून छदामाचं काम आलं नाही. असं का झालं ते जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे. बाकीचं माहितीपत्रकात असतंच.

माहितीपत्रकातलं आधी उरकते. विद्यार्थी असाल तर आत्ताच सभासद व्हा, विद्यार्थ्यांची वर्गणी बरीच कमी असते. फीमध्ये काय येतं आणि काय येत नाही हे बारीक अक्षरांतलं वाचा. आयट्रिपलई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरांच्या संस्थेचं सभासदत्व घेतलं की तिच्या एक्स्प्लोर या ऑनलाइन संग्रहातले सगळे पेपर आपोआप उघडतील असं अनेकांना वाटतं. उघडत नाहीत, त्याची वर्गणी वेगळी. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापकांच्या संस्थेत मूळ सभासदत्व वेगळं आणि स्थानिक चॅप्टरचं, म्हणजे शाखेचं, वेगळं. शिवाय सभासद होणं आणि पीएमपी होणं, म्हणजे तिचं प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मिळवणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पीएमपीची परीक्षा सभासद न होताही देता येते, सभासदाला फीत सवलत मिळते इतकंच. बायोडेटात ‘अमुक संस्थेचा सभासद’ लिहिल्याने कुणी भारावून जात नाही. साधी श्रेणी म्हणजे बहुतेक ठिकाणी पात्रता होती आणि फी भरली, एवढंच. वरच्या श्रेणीला वजन असतं. आयट्रिपलईच्या सीनियर मेंबर श्रेणीसाठी व्यवसायात १० वर्षं लागतात, त्यांतली ५ वर्षं ठळक कामगिरीची असावी लागतात, आणि तुमचं काम जाणणाऱ्या तिघांच्या शिफारशी लागतात. फेलोसाठी तर स्वतः अर्जच करता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी तुमचं नाव सुचवावं लागतं.

‘तुमचं काम जाणणाऱ्या’ हे शब्द लक्षात ठेवा. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

मी इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करते. नोकरीला लागल्यावर लवकरच संस्थेत शिरले आणि शिरल्या शिरल्या कामाला जुंपून घेतलं. नोंदणीच्या टेबलावर बसायचं, गळ्यात अडकवायची ओळखपत्रं आडनावांच्या क्रमाने मांडायची, वक्त्यांची प्रेझेंटेशन्स आधी उघडून बघायची, माइकचे सेल बदलायचे, आभाराच्या यादीतून कुणाचं नाव सुटत नाही ना ते तपासायचं. मला हे आवडायचं आणि जमायचंही. पदाधिकारी चारचौघांत म्हणायचे, “ही असली की कार्यक्रम वेळेवर सुरू होतो.” मी खूश.

मग संस्थेतल्याच एका ज्येष्ठ सल्लागारांना जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणासाठी डिझायनर हवा होता. मी त्या काळात ऑफिसात नेमकं तेच करत होते. त्यांनी घेतलं दुसऱ्याच एकाला. तो सभांना अधूनमधून उगवायचा, त्याने कधी एक खुर्ची हलवली नव्हती, पण एकदा त्याच विषयावर थोडा वेळ बोलला होता. न राहवून मी सरांना विचारलं. ते खरोखरच चमकले. “अगं, तू डिझाइनमध्ये आहेस? मला वाटायचं तू संस्थेच्या ऑफिसात आहेस.”

त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. तरी काढला, मनातल्या मनात, बरेच महिने.

नंतर शांतपणे विचार केल्यावर त्यांची बाजू कळली. कुणाचं नाव सुचवणं म्हणजे आपली पत पणाला लावणं. तो माणूस कच्चा निघाला तर बोल सुचवणाऱ्याला लागतो. मग तो ज्याचं काम डोळ्यांनी पाहिलंय त्याचंच नाव घेणार. माझं त्यांनी पाहिलेलं काम म्हणजे वेळेवर सुरू झालेले कार्यक्रम. कुणाला कार्यक्रम करून घ्यायचा असता तर त्यांनी छातीठोकपणे माझं नाव सांगितलं असतं. सांगितलंही एकदा, दुसऱ्या एका परिषदेच्या नोंदणीसाठी!

या सापळ्यातली वाईट गोष्ट ही की आत असताना तो सापळा वाटत नाही. कौतुक होत असतं. मोठ्या लोकांशी रोज बोलणं होतं, त्यांचे फोन येतात. आपलं जाळं वाढतंय असं वाटतं, आणि फोन मात्र हॉल मिळाला का हे विचारायला आलेला असतो. शिवाय हरकाम्याला बढती नसते. नीट काम करणाऱ्याला तेच काम पुन्हा मिळतं. स्वतःला पारखायचं असेल तर एवढं करा: संस्थेतल्या ज्यांच्याशी तुम्ही सर्वांत जास्त बोलता, त्यांपैकी किती जण तुम्ही दिवसभर ऑफिसात नेमकं काय करता हे सांगू शकतील? माझ्या बाबतीत उत्तर लाजिरवाणं होतं.

मग संस्थेत काम करूच नये का? करावं. नुसतं मागच्या रांगेत बसून जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं. यामागचं गणित समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वरचेवर भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलंच ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्याकडून येते. पण अगदी लांबचाही फारसा उपयोगी नाही. लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त वापरकर्त्यांवर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मधल्या ओळखी, म्हणजे ना जिवलग, ना निव्वळ नावापुरत्या. संस्था हीच मधली ओळख घडवते, कारण तिथे तीच माणसं काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणून व्हिजिटिंग कार्डांची थप्पी जमवणं किंवा घरी येऊन सभागृहातल्या सगळ्यांना रिक्वेस्ट पाठवणं, हे शॉर्टकट मला हास्यास्पद वाटतात. वक्त्यासोबतचा सेल्फी तर त्याहून.

तर काम निवडून घ्या. ज्यात तुमचा धंदा दिसतो असं काम. तांत्रिक कार्यक्रम समितीत वक्ता आणि विषय शोधायला जा, म्हणजे त्या विषयावर तुम्हाला चार शहाणे प्रश्न सुचतात हे कळेल. मानकांचे मसुदे अभिप्रायासाठी निघतात, त्यांवर टिप्पण्या तयार करणाऱ्या गटात शिरा. तिथे कुरकुरत का होईना, मुरलेली माणसं बसतात, आणि मसुद्यातलं एक कलम तुम्ही कसं वाचता यावरून ती तुम्हाला जोखतात. परिषदेचे पेपर तपासायला, वार्तापत्रात तांत्रिक टिपण लिहायला माणसं कायम कमी पडतात. आणि नोंदणीचं टेबल? आळीपाळीने सांभाळा. आपली पाळी झाली की उठा.

मी पुढे एका सभेत दहा मिनिटांची केस मांडली. विषय अगदी साधा होता. एका बीम-कॉलमच्या जोडात सळ्यांची इतकी गर्दी झाली होती की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची निडल आत जाईना. शटरिंग काढलं तर जोडाखाली हनीकोंब, म्हणजे काँक्रीट नीट न भरल्याने राहिलेली भोकं. मी आधीचं आणि नंतरचं ड्रॉइंग शेजारी शेजारी दाखवलं: लॅप, म्हणजे सळीला सळी जोडण्याच्या जागा, जोडाबाहेर नेले, सळ्या जाड करून त्यांची संख्या कमी केली. लगेच मागून आवाज आला, जाड सळीला पकड मिळायला तुमच्या कॉलमची खोली पुरते का? मी हिशेब दाखवला. त्यावर तिसऱ्याने वाद घातला. तो वाद सभा संपल्यावर पार्किंगपर्यंत चालला. वाद घालणाऱ्यानेच पुढे एका कामासाठी फोन केला. इतक्या वर्षांच्या ओळखपत्रांनी जे केलं नाही ते एका हनीकोंबने केलं.

बोलायला धीर होत नसेल तर घाबरू नका, बहुतेकांना होत नाही. पहिल्या सभेला सगळेच मोबाइलमध्ये तोंड घालून उभे असतात. वक्त्याचा विषय आदल्या दिवशी वाचून जा, एक प्रश्न विचारा, आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींची मेल टाका. तुमच्या अमुक मुद्द्यावरून माझ्या कामात हा प्रश्न पडला, इतकंच. नोकरीचा विषय त्या मेलमध्ये चुकूनही नको. लोकांना वास येतो.

मेंटॉरबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. संस्थेने यादीतून जोडून दिलेला मेंटॉर दोन फोननंतर हवेत विरतो, आणि सर्वांत मोठ्या नावामागे लागणं तर वेळ दवडणं. तुमच्यापेक्षा पाच-सात वर्षं पुढे असलेला गाठा. त्याला तुमच्या अडचणी अजून आठवतात. मोठं नाव नंतर येऊ द्या. लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स १८१८ मध्ये काही तरुण इंजिनियरांनी स्थापली. थॉमस टेलफर्डसारखा दिग्गज तिचा पहिला अध्यक्ष झाला १८२० मध्ये. आधी बरोबरीची मंडळी जमली.

एक ताकीद. पैसे भरा आणि आमच्या ‘मान्यवरांच्या’ सूचीत या, पुरस्कार घ्या, अशा मेल नवख्यांना हमखास येतात. थेट कचऱ्यात. सभासदांना मतदानाचा हक्क नाही, जमाखर्च दिसत नाही, निवडणूक होत नाही, तिथे पैसे अडकवू नका.

नूतनीकरणाची मेल येईल तेव्हा वर्षभरातला हिशेब मांडा. तुमचं काम पाहिलेली नवीन माणसं निघाली तर फी भरा. एकही नसेल तर आधी समिती बदलून मागा. तेही जमत नसेल तर एक वर्ष सभासदत्व सोडून द्या आणि खुल्या व्याख्यानांना पाहुणे म्हणून जा. पुन्हा सभासद होता येतं, कुणी काही म्हणत नाही.