"मग मी नरकात जाणार का?" असं हिंदू मित्राने तुम्हा ख्रिस्ती माणसाला विचारलं तर
प्रश्न बहुधा चहा पिताना, हसत हसत येतो. पण विचारणाऱ्याच्या मनात नुकतीच गेलेली आई असू शकते. म्हणून आधी विचारा, "आज हे का आठवलं?" आणि ऐकून घ्या.

मग आपल्या चर्चची शिकवण दोन वाक्यांत, न लपवता सांगा. कॅथलिक असाल तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) १९६४च्या 'लुमेन जेन्सियम' या चर्चविषयीच्या दस्तऐवजातला १६वा परिच्छेद वाचून ठेवा: स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख न झालेला, पण देवाला मनापासून शोधणारा आणि सद्सद्विवेकाला धरून जगणारा माणूसही तारण (उद्धार) पावू शकतो. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना, म्हणजे बायबल आणि येशूवरच्या वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चना, हे मान्य नाही. तिथले असाल तर उगाच गोड बोलू नका. मात्र अमुक माणूस नरकात गेला, असा निकालही देऊ नका. तो अधिकार तुमचा नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते दहाव्या-तेराव्याला. तिथे धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणं म्हणजे जखमेवर मीठ. खुर्च्या लावा, पाणी द्या. पिंडाला हात जोडणं पटत नसेल तर आदल्या दिवशीच सांगा. ऐनवेळी मागे सरलात की अपमान वाटतो. प्रार्थनेआधी "करू का?" विचारा. नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा, आणि पुढच्या रविवारी जेवायला बोलवा.