व्हिएतनाममधला मुक्काम वाढवण्यासाठी सीमेपलीकडे जाऊन परत कसं यावं

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं कोथरूडहून हो चि मिन्ह सिटीला गेलो होतो. ई-व्हिसा 90 दिवसांचा. मुदत संपत आली तेव्हा नात जेमतेम महिन्याची होती, आणि लेकीला तशी एकटी टाकून निघायला जीव होईना. अशा वेळी कंबोडियाच्या सीमेवर जाऊन त्याच दिवशी परतता येतं. पुण्यातून मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना उपयोगी पडेल म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. नुसती सीमा ओलांडून दिवस वाढत नाहीत, ते वाढतात नव्या ई-व्हिसामुळे. 50 डॉलरचा मल्टिपल एंट्री व्हिसा असला तरी कितीही वेळा आत-बाहेर केलंत तरी शेवटची तारीख तीच राहते. दिवस मोजले जातात व्हिसावर छापलेल्या पहिल्या तारखेपासून, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून नाही. 1 जानेवारीपासूनचा व्हिसा घेऊन 10 तारखेला पोहोचलात, तरी तो 31 मार्चलाच संपतो.

म्हणून मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर नवा अर्ज करा. एकदाच आत यायचं असल्याने 25 डॉलरचा सिंगल एंट्री पुरतो. सुरुवातीची तारीख सीमेवर जाण्याच्या दिवसाची घाला, आणि तो दिवस जुनी मुदत संपण्याच्या दोन-तीन दिवस आधीचा ठेवा. उत्तर साधारण तीन कामकाजी दिवसांत येतं, पण शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, मधे आलं तर आणखी आधी हालचाल करा.

अर्जात आपल्या लोकांची चूक हमखास नावात होते. विमानाचं तिकीट काढताना आपण मधलं नाव सर्रास गाळतो. पासपोर्टवर मात्र वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आपल्या नावाला जोडून, ‘गिव्हन नेम’मध्ये छापलेलं असतं. अर्जातही ते तसंच हवं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. त्या समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा.

दुसरी जागा प्रवेशद्वाराची. अर्जात कुठून आत येणार ते निवडायचं असतं. आम्ही पहिल्या खेपेच्या सवयीने विमानतळ निवडला. जावयाच्या ते लक्षात आलं तोवर पैसे भरून झाले होते. ते परत मिळत नाहीत, त्यामुळे दोघांचे अर्ज नव्याने भरावे लागले. रस्त्याने येणार असाल तर तिथे ‘मोक बाय’च हवं, म्हणजे कंबोडियाच्या सीमेवरचं व्हिएतनामचं नाकं.

मोक बाय शहरापासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे. बस मिळते, पण गुडघे दुखत असतील तर गाडी करा आणि सकाळी लवकर निघा. पिशवीत पासपोर्ट, नव्या व्हिसाच्या दोन छापील प्रती, पासपोर्ट साइज फोटो, परतीचं तिकीट, औषधं आणि डॉलर ठेवा. नोटा कोऱ्या हव्यात. फाटकी किंवा डाग पडलेली नोट कंबोडियात घेत नाहीत.

आता क्रम. व्हिएतनामच्या खिडकीवर बाहेर जाण्याचा शिक्का घ्या आणि चालत पलीकडे कंबोडियातल्या बावेतला जा. तिथे कंबोडियाचा 30 डॉलरचा पर्यटक व्हिसा घेऊन आत आल्याचा शिक्का मारून घ्यायचा, मग बाहेर जाण्याचा. हे दोन्ही शिक्के झाल्याशिवाय मागे वळू नका. व्हिसाचा स्टिकर अख्खं पान घेतो, म्हणून पासपोर्टमध्ये कोरी पानं आहेत ना, ते घरूनच बघून निघा. वाटेत मदतीला पुढे येणाऱ्या माणसांच्या हाती पासपोर्ट देऊ नका.

परत मोक बायच्या खिडकीवर नव्या व्हिसाची प्रत द्या. शिक्का मिळाला की तिथेच उभं राहून त्यावरची शेवटची तारीख व्हिसाशी ताडून बघा. मागची रांग चुळबुळ करत असली तरी करू द्या.

हा मार्ग भेटीला आलेल्यांसाठी आहे. तिथे नोकरी करायची असेल तर कामाचा वेगळा व्हिसाच हवा.

पुण्याहून काढलेला प्रवास विमा जुन्या तारखेलाच संपतो, तोही संपण्याआधी वाढवून घ्या. आणि लेकीच्या घरी पोहोचलात की लेक-जावयाला किंवा घरमालकाला तुमची राहण्याची नोंद स्थानिक पोलिसांकडे नव्याने करायला सांगा, कारण नव्या प्रवेशाबरोबर ती पुन्हा करावी लागते.